गारांच्या रस्त्यावर बाबांची जीप

आमच्या गोंदिया जिल्ह्यात बर्फ म्हणजे लग्नाच्या मांडवामागे भुशात झाकून ठेवलेली लादी, नाहीतर उसाच्या रसवाल्याकडचा गोणपाटात गुंडाळलेला तुकडा. रस्त्यावर पडायची ती वस्तूच नाही. टीव्हीवर पहाडातल्या गाड्या बर्फावर घसरताना दिसल्या की माझी आई म्हणते, "घरी बसवत नाही का यायले? कायले जातेत मरायले?" मी हसायची. आता हसत नाही. कारण अलीकडच्या एका फाल्गुनात मी स्वतः बर्फावरून जीप चालवली आहे, तीही आमच्याच तालुक्यात, कोहमाऱ्यापासून आत गेलेल्या रस्त्यावर. शेजारी बाबा बसले होते.

बाबांविषयी आधी सांगायला हवं. आमच्या भागात प्रवासी जीपला काळी-पिवळी म्हणतात. बाबांनी उभी हयात ती चालवली. कोहमारा, सडक अर्जुनी आणि आतली गावं. हायवेवरच्या ढाब्यांवर त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. म्हातारपणी काळी-पिवळी विकली, पण घरासाठी एक जुनी जीप ठेवली. घरासाठी म्हणजे नावालाच. गावात कोणाची सून अडली, कोणाला साप चावला, कोणाच्या छातीत दुखलं की लोक आधी आमच्या अंगणात येऊन बाबांना आवाज देत. बाबाही असे तयार, की आई म्हणायची, "हा माणूस चपला घालूनच झोपते वाटते."

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. मोतीबिंदू नव्हे, तो काढता येतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी मला आणि बाबांना समोर बसवून नीट समजावलं, की यांना समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही, नळीतून पाहावं तसं. थेंब रोज टाका, म्हणजे आहे तेवढं राहील. आणि गाडी बंद. बाबांनी मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरून जीपजवळ आले आणि चावी काढून सरळ स्टिअरिंगवर बसले. मी म्हटलं, "बाबा, आत्ता डॉक्टर काय बोलले?" तर म्हणाले, "ते डॉक्टर नवीन हाये. त्याले का माहीत मले रस्ता पाठ हाये म्हून?"

हे असं वर्षभर चाललं. आई बोलून थकली. भाऊ रायपूरला असतो, तो फोनवर ओरडायचा, बाबा फोन आईकडे द्यायचे. शेवटी दोघांनी मिळून माझ्या गळ्यात हे काम अडकवलं. "तूच सांग. तुयंच ऐकते तो," आई म्हणाली. वा रे वा! माझा स्वभाव तिखट आहे, हे मी नाकारत नाही. शाळेत मुलं मला घाबरतात, घरी नवरा घाबरल्याचं नाटक करतो. पण बाबांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. ज्या माणसानं मला गाडी शिकवली, त्याला गाडी सोड म्हणून कसं सांगायचं? त्यांच्याजवळ तेवढंच तर होतं. ती जीप गेली की बाबा खाटेवर बसलेले एक म्हातारे होणार, हे मला कळत होतं. आणि नाही सोडली तर एक दिवस कोणीतरी चाकाखाली जाणार, हेही कळत होतं.

त्या रविवारी आत्याला बघायला जायचं होतं. आत्याला तापानं धरलं होतं. मी गोंदियाहून आदल्या दिवशीच गावी आले होते. ठरवलं, जाताना गाडीत दोघंच असू, तेव्हा बोलायचं. सकाळी मी चावीला हात घालायच्या आत बाबांनी ती खिशात टाकली. "तू बस मुकाट्यानं. तुह्या त्या शहरातल्या डब्याले गाडी म्हणतं का तू?" माझ्या छोट्या कारला ते डबा म्हणतात. मी बसले.

त्या दिवसांत आमच्याकडे लाखोरी निघालेली असते. धान कापलं की त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोरीची डाळ घेतात, आणि फाल्गुनात ती उपटून आणली की मळणीसाठी खळं शोधत कोणी फिरत नाही. डांबरी रस्त्याएवढं चांगलं खळं कुठलं? आख्ख्या रस्त्यावर काड्या पसरायच्या आणि बाजूला बांधावर बसून राहायचं. ट्रक, ट्रॅक्टर, बस, जे येईल ते वरून जातं आणि शेंगा फुटून दाणे मोकळे होतात. मोटरसायकलवाले घसरून पडतात आणि शिव्या देतात, सरकारवाले बोर्ड लावतात, पण लाखोरी दरवर्षी रस्त्यावरच येते.

बाबांची यातली रीत वेगळी. लाखोरी दिसली की ते नुसते वरून जात नसत. पुढे जाऊन, रिव्हर्स घेऊन, पुन्हा वरून. काळी-पिवळीत भरलेले प्रवासी ओरडायचे, "अरे बाबा, आमची गाडी चुकते." बाबा म्हणायचे, "मायबहिणीचं काम होऊन राहिलं, बस जरा." त्या सकाळीही तसंच केलं. बांधावरच्या बायका हसून म्हणाल्या, "आनखी एक चक्कर मारजो गा काका." आणि बाबा असे खूश, जणू त्यांनाच कोणी शाल-श्रीफळ दिलं. मला तो माणूस त्या क्षणी इतका आवडला, की बोलायचं ते गिळलं. मग थोडं पुढे डावीकडच्या शेतातल्या पांदणीतून एक सायकलवाला रस्त्यावर आला. बाबांना तो दिसलाच नाही. त्यानं सायकल स्वतःच खाली बांधीत घातली म्हणून वाचला. माझी किंचाळी निघता निघता अडली, बाबांना वाटलं मी खोकले. म्हणाले, "घसा बसला का तुया?"

आत्याचा ताप उतरला होता. तिनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते, तापातून उठलेली बाई आणि चुलीजवळ बसून वडे तळते आहे! मी रागावले तर म्हणाली, "तू मास्तरीन तुह्या शाळेत." जेवण झाल्यावर बाबा ओट्यावर आडवे झाले आणि आत्या हळूच म्हणाली, "माय, माहा भाऊ येताना फाटकाले गाडी घासून आला. तुले दिसलं ना?" मी म्हटलं, दिसलं. "मंग सांगत काऊन नाही?" मी म्हटलं, सांगते. "आज सांगजो," ती म्हणाली. "माह्या घरच्या धन्याचा हात असाच गेला होता. गाडीवाल्याले तो दिसलाच नाही."

आम्ही निघालो तेव्हा आभाळ नुसतं काळं नव्हतं. त्यात खालून हिरवट-पिवळी झाक होती. आत्या म्हणाली, थांबा. बाबांनी आभाळाकडे पाहिलं, सरळ वर, आणि म्हणाले, "पोहोचून जाऊ." हा त्यांचा आयुष्यभराचा शब्द. पोहोचून जाऊ.

नाही पोहोचलो. नाल्यावरच्या रपट्याच्या, त्या बुटक्या पुलाच्या, पुढे वारा असा सुटला की मोहाची झाडं आडवी-उभी होऊ लागली. मग टपावर एक दगड पडल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं फांदी. मग दुसरा. मग कोणी टिनाच्या छपरावर पोतंभर बोरं ओतावीत तसं सुरू झालं. बाबांनी झाडापासून लांब मोकळ्यावर गाडी उभी केली, तेवढं भान त्यांना होतं. गारा लिंबाएवढ्या. समोरच्या काचेला एका बाजूनं तडा गेला. आत आम्ही एकमेकांशी बोलत होतो, पण ऐकू काही येत नव्हतं, फक्त तोंडं हलत होती. बाबांनी हात पसरून माझ्या डोक्यावर ठेवला, काच फुटली तर मला लागू नये म्हणून. मी चाळिशी ओलांडलेली बाई, दोन मुलांची आई. त्यांच्या हाताखाली मी गप्प बसून राहिले.

थांबलं तेव्हा एकदम थांबलं. नुसती बारीक भुरभुर राहिली. मी काच खाली केली आणि "बाप्पा!" म्हणाले. रस्ता नव्हता. दोन्हीकडच्या बांध्या, मधलं डांबर, बांध, सगळं एकसारखं पांढरं. गारांचा थर साचला होता आणि त्यातून वाफ निघाल्यासारखं धुकं वर येत होतं. इतकी शांतता, की जीपच्या टपावरून वितळून पडणारं पाणी ऐकू येत होतं. खरं सांगते, फार सुंदर होतं. एखाद्याचं वर्षाचं पीक त्याखाली झोपलं असेल हे माहीत असूनही सुंदर होतं.

आणि मी तेव्हा बोलले. म्हटलं, "बाबा, आता मी चालवते."

"काऊन?"

"रस्ता दिसत नाही."

"तुले नाही दिसत. मले पाठ हाये."

"बाबा, तुम्हाला सकाळचा सायकलवाला दिसला नाही. आत्याचं फाटक दिसलं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही माझ्यासमोर ऐकलंय. मी आज तुमच्याकडून चावी घ्यायला आलेय. आईनं पाठवलंय, भावानं पाठवलंय आणि मीपण स्वतःहून आलेय." एका दमात सगळं बोलून टाकलं.

बाबांनी बाहीनं काचेवरची वाफ पुसली. मग म्हणाले, "आज नोको. गारावर तू चालवली नाही कधी. घरी गेल्यावर पाहू." आणि त्यांनी गाडी सुरू केली. तेही खरंच होतं. मी काय, त्यांनी तरी कुठे गारांवर चालवली होती? पण त्यांचे हात माझ्यापेक्षा शांत होते. पहिल्या गिअरवर, ब्रेकला पाय न लावता, ते गाडी अशी नेऊ लागले की मला थोडा धीर आला. चाकाखाली गारा चुरचुरत होत्या. मधूनच मागचं चाक सरकायचं आणि ते स्टिअरिंग किंचित सोडून पुन्हा धरायचे.

पुढे वळणाच्या अलीकडे पांढऱ्या रस्त्यात काळसर काड्या वर आलेल्या दिसल्या. कोणाची तरी लाखोरी. ताडपत्री टाकलेली असावी, तिच्यावर गारांचा ढीग बसला होता आणि कडेनं काड्या बाहेर आल्या होत्या. बाबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "लाखोरीवर घेतो," म्हणाले. "काडीवर चाक गेलं का मंग नाही घसरत." मलाही क्षणभर पटलं. आयुष्यभर त्या लाखोरीवरून जाणं हे आमच्यासाठी पुण्याचंच काम होतं. ती अंथरलेलीच असते वरून जाण्यासाठी. त्यांनी चाक तिकडे वळवलं.

तेव्हा मला ताडपत्रीच्या डाव्या कडेला एक पाय दिसला. उघडा पाय, बोटात जोडवं.

"बाबा, माणूस!"

मी ओरडले आणि स्टिअरिंगला हात घातला. त्यांनी ब्रेक मारला. गारांवर ब्रेक मारायचा नसतो हे त्यांनाच माहीत होतं, पण दुसरं काय करणार होते? जीप थांबली नाही, ती रस्त्याला आडवी फिरली. आडवी होऊन ती सावकाश सरकत राहिली, इतकी सावकाश की मला सगळं बघायला वेळ मिळाला आणि करायला काहीच मिळालं नाही. पुढचं चाक ताडपत्रीच्या कडेवर चढलं, काड्या कडाकडा वाजल्या आणि आम्ही थांबलो. इंजिन बंद पडलं.

ताडपत्री हलली. गारांचा ढीग घरंगळला आणि खालून एक बाई बाहेर आली. पदर डोक्याला बांधलेला, ओठ थंडीनं निळे. वाऱ्यानं ताडपत्री उडू नये म्हणून ती बाई कोपरा धरून स्वतःच आत बसली होती. तिनं चाक बघितलं, आपला पाय बघितला, दोन्हींमधलं अंतर बघितलं. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"काय गा बुढ्या! जीव घेतं का माहा? वरून गारा आणि खालून तू! दिसून नाही राहिलं का तुले?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. काचेला तडा गेलाय, धुकं आहे, गारांनी सगळं झाकलंय, तूच रस्त्याच्या मधोमध कशाला बसलीस. मी दार उघडून भांडायला उतरणारच होते. पण बाबा माझ्या आधी उतरले. गारांमध्ये घोट्यापर्यंत उभे राहिले आणि म्हणाले,

"नाही दिसत, बाई."

तिनं बाबांच्या डोळ्यांकडे निरखून बघितलं.

"सामोरचं दिसते. बाजूचं नाही दिसत. तू नाही दिसली मले." मग माझ्याकडे हात करून, "पोरीले दिसली तू. मले नाही."

वर्षभरात हे वाक्य त्यांनी आईला म्हटलं नव्हतं, डॉक्टरला म्हटलं नव्हतं, मला म्हटलं नव्हतं. एका अनोळखी, भिजलेल्या, रागावलेल्या बाईला म्हटलं. मी दाराच्या कडीला धरून तशीच बसले. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं, बाबा, खोटं बोला ना. एकदा तरी म्हणा की गारांमुळे दिसलं नाही.

बाईचा आवाज खाली आला, पण बोलणं मऊ झालं नाही. आमच्याकडे कोणी मऊ बोलत नाही. "मंग कायले चालवतं बापा?" तिनं विचारलं. बाबा वाकून चाकाखालच्या काड्या ओढू लागले. ती माझ्याकडे वळली. "तुले येते का चालवता?" मी मान हलवली. "मंग चालव ना वो. का बापाले तुरुंगात पाठवतं?"

मी उतरले. आम्ही तिघांनी मिळून तिची ताडपत्री झटकली, खालची लाखोरी कडेला ओढली. वरची भिजली होती, खालची बरीच वाचली होती. बाबा वाकून ओंजळीनं काड्यांतल्या गारा वेचून फेकत होते. बोटं लाल झाली तरी थांबेनात. शेवटी तीच म्हणाली, "जाऊ दे गा, वितळतीन त्या. घरी जा." तिनं माझ्या हातात ओल्या हातानं दोन-चार शेंगा दिल्या, खा म्हणून. इतकं सगळं होऊन, वर खायला!

बाबा बॉनेटवर हात टेकत गाडीच्या पुढून फिरले आणि डावीकडच्या दाराशी गेले. ते दार उघडायची त्यांना सवय नव्हती. कडी खाली दाबायची की वर ओढायची, हे चाचपत राहिले. मी स्टिअरिंगवर बसून आतून उघडून दिलं.

मग मी चालवली. शहराच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षावाल्यांशी भांडत गाडी काढणं वेगळं आणि हे वेगळं. जरा हात हलला की जीप आपल्या मनानं चालायला लागायची. बाबा समोर बघत बोलत होते, जीप शिकवताना बोलायचे त्याच आवाजात. "ब्रेकले पाय नोको लावू. ॲक्सिलेटर सोड, आपोआप थांबते. आता मोरी येईल, मधातून घे. आता उतार. घाबरू नोको, दुसऱ्या गिअरवर राहू दे." मोरी येत होती, उतार येत होता. रस्ता त्यांना खरोखरच पाठ होता. रस्त्यावर कोण आहे, एवढंच पाठ करता येत नाही.

गाव जवळ आलं. गारा आमच्या गावात कमी पडल्या होत्या. लोक बाहेर निघाले होते, छपरांवरची फुटलेली कवेलू बघत होते, बुद्धविहाराजवळच्या चौकात बरीच माणसं जमली होती. मला एकदम कळलं की आता सगळ्यांना दिसणार. आजपर्यंत या चौकातून ती जीप बाबांशिवाय कोणी चालवत आणली नव्हती. मी गाडी हळू केली आणि म्हटलं, "बाबा, इथून पुढे तुम्ही घ्या. एवढंच तर आहे. मी बाजूचं बघते." खरंच म्हटलं. चावी घ्यायला गेलेली मी, ती परत द्यायला निघाले होते.

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. "चाल," म्हणाले.

चौकात आमच्या शेजारचा माणूस हात दाखवत पुढे आला. त्याच्या सुनेचे दिवस भरत आले होते, गावात सगळ्यांना माहीत होतं. नेहमीसारखा तो उजवीकडच्या खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "काका, बरं झालं आले. आज-उद्या कधीपण लागू शकते गाडी, तुमी..." आणि समोर मी. त्यानं माझ्याकडे बघितलं, आत बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मागचे लोकही जवळ सरकले.

बाबांनी डावीकडची काच खाली केली आणि चौकात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हाक मारली,

"इकडे ये गा. आता मी इकडेच भेटीन."